पत्रा उघडल्याशिवाय भाव सांगू नका



आज जरा वेगळ्या धंद्याबद्दल बोलायचंय. माझ्या बॅचमधला एक मुलगा आहे, भिवंडीत काल्हेरच्या बाजूला त्याची शेड आहे. गोदामांचे रॅक बनवतो. कटिंग मशीन, बेंडिंग मशीन, मिग वेल्डिंग, सगळं स्वतःचं. काम चांगलं, पैसे वेळेवर. आणि डोक्यात काय आलं? जुन्या गाड्या रिस्टोअर करायच्या. का, तर रील्स बघितल्या. गंजलेली पद्मिनी आत जाते आणि तीस सेकंदांत चकाचक बाहेर येते.

त्या तीस सेकंदांत जे कापून टाकलेलं असतं, त्यावरच आज बोलू.

मुलुंडच्या एका काकांची प्रीमियर पद्मिनी त्याच्याकडे आली. काकांनी सांगितलं, "फ्लोअर थोडा गेलाय, बाकी गाडी ठणठणीत." आपल्या पठ्ठ्याने बाहेरून चक्कर मारली, खाली वाकून बघितलं, दोन-चार भोकं दिसली. "काका, पस्तीस हजारात फ्लोअर करून देतो." हातावर हात. कागद नाही, फोटो नाही. दहा हजार ॲडव्हान्स.

दुसऱ्या दिवशी सीट काढल्या, मॅट उचललं. मॅटखालचा नमदा ओला होता, आणि तो किती पावसाळ्यांपासून ओला असेल देव जाणे. पुढच्या काचेचं रबर वाळलं की पाणी आत येतं, नमदा ते पिऊन बसतो आणि पत्रा वरून खायला लागतो. खालून बघणाऱ्याला अंडरकोटिंग दिसतं, काळं आणि छान. त्याने स्क्रूड्रायव्हर टेकवला तर तो आरपार गेला. फक्त फ्लोअरला नाही, मधल्या टनेललाही. आधी कोणीतरी तिथे फायबर आणि पुट्टी भरून वर रंग मारलेला होता.

ज्यांना गाडीतलं फारसं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पद्मिनीसारख्या जुन्या गाडीत इंजिन पुढे आणि ताकद जाते मागच्या चाकांना. त्यामुळे गिअरबॉक्स आणि लांब प्रोपेलर शाफ्ट गाडीच्या मधून, खालून जातात. त्यांना जागा देण्यासाठी फ्लोअरच्या मधोमध लांब उंचवटा असतो, मागच्या सीटवर मध्ये बसणाऱ्याचे पाय ज्याच्यावर येतात तो. तोच ट्रान्समिशन टनेल.

आता बरेच जण समजतात की ते नुसतं झाकण आहे. जुन्या विलीस जीपमध्ये ते जवळपास खरं आहे. तिथे वेगळी चेसिस असते आणि गिअरबॉक्सवरचा पत्रा बोल्ट सोडून उचलता येतो. पण पद्मिनी म्हणजे मुळात फियाट ११००, तिला वेगळी चेसिस नाही. बॉडी हीच तिची चेसिस. टनेल त्या बॉडीचा पाठीचा कणा आहे.

हे मी त्या मुलाला रॅकवरून समजावलं. अरे, सपाट पत्रा तू हाताने वाकवतोस. तोच पत्रा सी आकारात दुमडलास की त्याच्यावर टनाने माल ठेवतोस. पत्रा तोच, ताकद दुमडण्यात आहे. टनेल म्हणजे फ्लोअरला दिलेली तीच घडी. ती घडी सडली की फ्लोअर पापड होतो. तिथे फायबर आणि पुट्टी भरणारा माणूस रॅकचा उभा पाय पुठ्ठ्याचा करतोय असं समजा. आणि हा रॅक ताशी ऐंशीने धावतो, आत माणसं बसलेली असतात.

म्हणून माझं स्पष्ट मत: गंज दोन बोटांएवढा असेल आणि चारही बाजूंना चांगला पत्रा लागत असेल, तर तेवढा तुकडा कापून नवा लावा, काही हरकत नाही. पण गिअरबॉक्सच्या माउंटिंगजवळचा पत्रा गेला असेल किंवा जुन्या पॅचवर पॅच असतील, तर पूर्ण टनेल बदला. ग्राहकाला ते परवडत नसेल तर काम सोडा. "सध्या चालवून घेऊ" हे वाक्य तुमच्या शेडमध्ये बोललंच जाऊ नये.

आता पुढची गोष्ट ऐका, कारण खरा तोटा इथे झाला.

याने ठरवलं की टनेल पूर्ण बदलायचा. निर्णय बरोबर होता. पुठ्ठ्याचं टेम्पलेट काढलं, बेंडिंगवर पत्रा वाकवला, टेबलावर ठेवला तेव्हा एकदम कंपनीसारखा दिसत होता. मला फोटो पाठवला, मीही शाबासकी दिली. मग जुना टनेल कापला, नवा बसवला, सलग वेल्डिंग मारलं. संध्याकाळी दार बंद करायला गेला तर दार लागेना.

कारण साधं आहे. कणा कापण्याआधी बॉडीला आधार द्यायला लागतो. पुढच्या खांबापासून मधल्या खांबापर्यंत, आणि डाव्या बाजूपासून उजव्या बाजूपर्यंत पाइप मारून घ्यायचे. दरवाजांच्या गॅपची मापं लिहून ठेवायची, तिरकी मापं घ्यायची, मगच ग्राइंडर उचलायचा. याने मापं घेतली नव्हती. त्यात सलग वेल्डिंगने पत्रा तापला, ओढला गेला. बारीक पत्र्याला टाके मारायचे असतात, एक इथे, एक तिथे, मध्ये थंड होऊ द्यायचं. रॅकवर सलग मारलं तरी चालतं, कारण तिथे पत्रा जाड असतो. इथे १८ किंवा २० गेज, म्हणजे मिलिमीटरच्या आसपास. कोणत्या जागी कोणता, ते गाडीचा मूळ पत्रा मोजून ठरवा.

पुन्हा कापलं. पुन्हा केलं. मग गिअरबॉक्स चढवला तर तो एका बाजूला टनेलला लागत होता. टेम्पलेट रिकाम्या जागेवर काढलं होतं ना! इंजिन आणि गिअरबॉक्स रबराच्या माउंटिंगवर असतात, चालताना हलतात. मागचा अ‍ॅक्सल पाट्यांवर वरखाली होतो आणि त्याच्यासोबत शाफ्टचं मागचं टोक. म्हणून नवा टनेल आधी चार स्क्रूवर टेकवायचा, गिअरबॉक्स आणि शाफ्ट लावून बघायचे, मागे वजन टाकून बघायचं, आणि मगच कायमचं वेल्डिंग. हे तिसऱ्या वेळी केलं. तीन आठवड्यांचं काम दोन महिन्यांवर गेलं.

काकांचं म्हणणं काय? "आपलं तर पस्तीसला ठरलं होतं." काका चुकीचे नव्हते. ठरलंच होतं.

या दोन महिन्यांत मानकोलीच्या एका गोदामाचं रॅकचं काम त्याच्या हातातून गेलं, कारण शेडच्या मधोमध उघडी पद्मिनी उभी होती आणि लांब पत्रे कापायला जागाच नव्हती. त्या एका ऑर्डरमध्ये त्याला पद्मिनीच्या कितीतरी पट सुटले असते. एका रात्री त्याचा फोन आला. म्हणाला, "सर, बायको विचारतेय, चालू धंदा सोडून हे काय घेऊन बसलात. मला उत्तर देता येत नाही."

मित्रांनो, मोटिव्हेशनचे व्हिडिओ बनवणारे आमच्यातलेच काही जण इथे म्हणतील, पॅशन सोडू नका. मी म्हणतो, आधी हिशोब करा. बघूया.

खालचे आकडे समजण्यासाठी धरलेत, तुमच्या भागातले मजुरीचे दर टाकून तुमचे तुम्ही काढा. पण दिवस मात्र मी त्या शेडमध्ये उभं राहून लिहून घेतलेत, चुका वगळून. सीट, वायरिंग, ब्रेकच्या नळ्या, पेट्रोलची टाकी, शाफ्ट, गिअरबॉक्स उतरवायला ४ दिवस. आधार देऊन जुना टनेल कापायला, स्पॉट वेल्ड ड्रिल करून काढायला २. टेम्पलेट आणि बेंडिंग ३. चढवून, उतरवून, ठोकून बसवणं ३. वेल्डिंग ३. प्रायमर, सीलर, अंडरकोटिंग २. सगळं परत जोडणं ४. झाले २१ दिवस.

एक कारागीर रोज १,२०० आणि एक हेल्पर रोज ७०० धरला तर दिवसाला १,९००. एकवीस दिवसांचे ३९,९००. पत्रा, गॅस, वायर, डिस्क, सीलर, प्रायमर मिळून ९,००० धरा. शेडचं भाडं महिन्याला १५,००० आणि कामाचे दिवस २५, म्हणजे दिवसाला ६००, एकवीस दिवसांचे १२,६००. विजेचे २,५००. बेरीज करा: ६४,०००.

याच्यात नफा एक रुपया नाही. आणि याने सांगितले होते पस्तीस हजार! मी विचारलं, कुठून काढलास हा आकडा? म्हणाला, "कारागीर तर मीच आहे ना सर, माझी मजुरी कशाला धरायची?" ही चूक तुमच्यापैकी दहातल्या सात-आठ जणांची असेल, पैज लावतो. स्वतःची मजुरी शून्य, स्वतःच्या शेडचं भाडं शून्य, वडिलांनी घेऊन दिलेल्या मशीनची झीज शून्य. मग भाव स्वस्त वाटतो, काम मिळतं, आणि जितकं काम मिळतं तितके तुम्ही खड्ड्यात जाता.

मग करायचं काय? माझं मत असं की अशा कामात पहिलं बिल तपासणीचं असलं पाहिजे. गाडी आली की भाव सांगायचाच नाही. "काका, आधी सीट-मॅट काढून, खालून अंडरकोटिंग खरवडून बघू. त्याचे चार हजार. काम मला दिलंत तर ते बिलात वळते करीन." उघडल्यावर प्रत्येक सडलेल्या जागेचा फोटो, बाजूला स्टीलची पट्टी ठेवून. तो फोटो व्हॉट्सॲपवर, आणि मग लेखी एस्टिमेट. त्यात स्पष्ट लिहा: कापल्यावर आत आणखी गंज निघाला तर काम थांबवू, फोटो पाठवू, तुमचा होकार आल्यावरच पुढे जाऊ. पैसे टप्प्यांत. उतरवल्यावर इतके, कापण्याआधी इतके, वेल्डिंगनंतर इतके.

तुम्ही म्हणाल, तपासणीचे पैसे कोण देतं सर, बाजूचा फुकट बघतो. देत नाहीत काही जण, खरं आहे. पण जो चार हजारासाठी निघून जातो, तो चौसष्ट हजारांच्या वेळी काय करेल याचा विचार करा. अगदी पहिला ग्राहक असेल, ओळखीचा असेल, तर तपासणी फुकट करा हवं तर. उघडण्याआधी भाव मात्र त्यालाही सांगू नका.

दोन कायद्याच्या गोष्टी, ज्या गॅरेजवाल्यांना सहसा कोणी सांगत नाही. भारतीय करार कायदा, १८७२, कलम १७०: तुम्ही वस्तूवर मेहनत-कौशल्य लावून ठरलेलं काम पूर्ण केलं असेल आणि उधारीचं वेगळं काही ठरलेलं नसेल, तर त्या कामाचे पैसे मिळेपर्यंत वस्तू ताब्यात ठेवण्याचा तुम्हाला हक्क आहे. पण किती पैसे ठरले होते याचा कागद लागतो ना! आणि त्याच कायद्याचं कलम १५१ उलट बाजूने आहे: गाडी तुमच्या ताब्यात असेपर्यंत शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी तुम्ही घ्यायची. पेट्रोलची टाकी न काढता वेल्डिंग केलं आणि काही झालं, तर काय उत्तर देणार? भिवंडीत आग म्हणजे काय असते हे मी तुम्हाला सांगायला नको. टाकी बाहेर, बॅटरी बाहेर, सिलिंडर हाताशी. आणि शेडमध्ये डक्टिंगचा उरलेला जीआय पत्रा पडलेला असतो, तो "आहेच तर वापरू" म्हणून टनेलला लावू नका. जस्ताच्या धुराने वेल्डरला रात्री थंडी वाजून ताप भरतो. साधा सीआर पत्रा घ्या, नंतर झिंक प्रायमर मारा.

आता एक मोह. पद्मिनीचा गिअर स्टीअरिंगच्या दांड्यावर असतो. हल्लीच्या ग्राहकाला तो खाली, मध्ये हवा असतो. कोणी ११८एनईचं निसानवालं इंजिन-गिअरबॉक्स घालायला सांगतं, कोणी याहून मोठं काही. "टनेल नवा करतोच आहात तर थोडा रुंद करा, वर भोक ठेवा." तुमच्यासाठी वेल्डिंग तेच, पैसे जास्त. पण थांबा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी ठरेल अशी गाडी परस्पर बदलता येत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठामपणे सांगितलंय. शिवाय जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली गाडी त्यात नोंदवता येते, नंबरमध्ये ‘व्हीए’ ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आणि मुदत १० वर्षं. अट काय? गाडी मूळ रूपात हवी, चेसिस, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा बदल नको.

म्हणजे बघा, एखाद्याकडे १९६४ ते १९७० च्या काळातली फियाट ११०० डिलाइट आहे. तुम्ही तिचा टनेल रुंद केलात, वर भोक पाडलंत. गाडी छान चालेल. पण ज्या कागदामुळे तिची किंमत वाढणार होती, त्याच्या आड तुमचं वेल्डिंग येऊ शकतं. सडलेला पत्रा काढून त्याच आकाराचा नवा लावणं ही माझ्या मते दुरुस्ती आहे, आकार बदलणं हा बदल आहे. हा फरक ग्राहकाला लेखी सांगा आणि जुन्या टनेलचे मापांसकट फोटो ठेवा. आणि चेसिस नंबर ज्या पत्र्यावर ठोकलेला आहे त्याला कोणी कितीही सांगितलं तरी ग्राइंडर लावायचा नाही.

या गाड्यांना गिऱ्हाईक आहे का? आहे, आणि आपल्याच पट्ट्यात आहे. पद्मिनी इथलीच, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली. कल्याणलाही याच कंपनीचा कारखाना होता, भिवंडीपासून हाकेच्या अंतरावर. गाड्यांचं उत्पादन थांबून वीस वर्षांच्या वर झालीत, आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावरून काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सीही अधिकृतपणे गेली. तेव्हापासून आजोबांची गाडी भंगारात द्यायला लोकांचं मन होत नाही. स्पेअर पार्टसाठी माणसं कुर्ल्याच्या सीएसटी रोडला, ऑपेरा हाउसला फिरतात. दिवा मिळतो, हँडल मिळतं. पण चांगला टनेल जुन्या बाजारात कसा मिळणार? तो ज्या गाडीत आहे ती गाडीही तेवढेच पावसाळे खाऊन बसलीय. तो बनवावाच लागतो.

आणि इथेच माझं त्या मुलाला सांगणं होतं, जे त्याला सुरुवातीला आवडलं नाही. म्हटलं, तू गाड्या घेऊ नकोस. तू पत्रा घे.

पूर्ण गाडी रिस्टोअर करायला इंजिनवाला लागतो, वायरमन लागतो, पेंटर लागतो, सीटवाला लागतो. तो प्रत्येक जण "उद्या येतो" म्हणतो आणि गाडी तुझी जागा अडवून बसते. तुझ्याकडे जे आहे ते मुंबईतल्या गॅरेजवाल्याकडे नाही: बेंडिंग मशीन, पत्र्याचा हात आणि जागा. त्याच्याकडे दोन गाड्यांची जागा, तीही रस्त्यावर. मग तूच त्याचा सप्लायर हो. पद्मिनीचा टनेल, फ्लोअरचे डावे-उजवे भाग, दाराखालच्या पट्ट्या. तीन वेळा चुकून तुझ्याकडे जे टेम्पलेट तयार झालंय, ते पुठ्ठ्यावरून जाड पत्र्यावर उतरव, त्यावर तारीख आणि मॉडेल लिही, भिंतीला टांग. पहिला टनेल तुला दोन महिन्यांना पडला, पुढचा नुसता पत्रा वाकवून देणं दोन दिवसांचं काम आहे. बसवण्याची जबाबदारी गॅरेजची. आधी कसा टेकवायचा, किती गॅप ठेवायची, टाके कसे मारायचे, याचा एक कागद सोबत दे.

यात मोठे पैसे आहेत का? नाही, खोटं कशाला बोलू. जुन्या पद्मिनी काही हजारोंनी रिस्टोअर होत नाहीत. हा रॅकच्या धंद्याच्या कडेने चालणारा धंदा आहे, महिन्यात दोन-तीन नग. पण शेड मोकळी राहते, रॅकचं काम जात नाही, आणि गाड्यांचा नादही पुरतो.

काकांचं काय झालं विचाराल. गाडी गेली, टनेल मस्त झालाय, दारं एका बोटाने लागतात. ठरलेल्या पस्तीसच्या वर काकांनी स्वतःहून दहा हजार दिले, कारण शेवटी या मुलाने कापलेला जुना टनेल त्यांच्यासमोर ठेवला आणि हाताने मोडून दाखवला. हेच पहिल्या आठवड्यात केलं असतं तर! बाकीचे पैसे याच्या खिशातून गेले. सडलेल्या टनेलचा एक तुकडा त्याने शेडच्या दाराशी लटकवलाय. नवीन ग्राहक "कितीला कराल?" विचारतो तेव्हा तो आधी त्या तुकड्याकडे बोट दाखवतो आणि तपासणीची पावती काढतो.

तुमचा धंदा गाडीचा नसेलही. वॉटरप्रूफिंग असेल, मोटर रिवाइंडिंग असेल, जुन्या घराचं प्लंबिंग असेल, जिथे उघडल्याशिवाय काम किती आहे ते कळत नाही. तुमचं शेवटचं कोटेशन काढा आणि त्यात स्वतःची मजुरी किती रुपये धरली होती ते बघा. पुढच्या रविवारच्या लाइव्हमध्ये अशी तीन कोटेशनं घेऊन नावं झाकून हिशोब करणार आहे. शनिवारपर्यंत पाठवा.